गरुड परत का येतो?

बैल औताला जुंपायचा तर त्याला वेसण घालावी लागते. घोड्याला लगाम लागतो. शेळ्यामेंढ्यांना रात्री वाडगे लागते आणि दिवसा राखण्या लागतो. माणसाने जी जी जनावरे शिकवली, त्यांचा एखादा तरी दोर माणसाच्या हातात असतोच.

पण काही प्राणी असे आहेत, की ऐन कामाच्या वेळी त्यांचा दोर आपल्या हाताने सोडून द्यावा लागतो. ते म्हणजे शिकारी पक्षी. ससाणा, बहिरी, शिक्रा, गरुड हे सारे त्यात आले. हातावरून सोडल्यावर तो पक्षी आकाशात जातो. तिथे कुंपण नाही, वेसण नाही. मनात आले तर डोंगरापलीकडे निघून जाईल. मग त्याला अडवणारा कोण?

तरीही तो परत येतो. जगातल्या पुष्कळ देशांत हजारो वर्षे माणसे शिकारी पक्षी शिकवत आली आहेत. तो परत का येतो, हे समजले की ही सारी विद्या समजली. ही विद्या आजही जिथे घरोघरच्या रीतीने चालते, अशा एका मुलखाची माहिती आम्ही आज देणार आहोत.

मुलूख कोणता?

आपल्या हिमालयाच्या उत्तरेला तिबेट लागतो. त्याच्या पुढे चीनचा मोठा मुलूख आणि त्याच्याही पुढे मंगोलिया हा देश. मंगोलियाच्या वरच्या अंगाला रशिया आहे. या देशाच्या अगदी पश्चिम टोकाला अल्ताय नावाचे उंच डोंगर आहेत. तिथल्या जिल्ह्याचे नाव बायान-उल्गी. मंगोलियाची राजधानी उलानबातर येथून तो सुमारे १६०० किलोमीटर दूर आहे.

या जिल्ह्यात राहणारे बहुतेक लोक कझाक आहेत. त्यांची भाषा कझाक, धर्म मुसलमानी. धंदा मेंढपाळीचा. मेंढ्या, शेळ्या, घोडे, गायी, उंट आणि केसाळ याक हेच त्यांचे धन. उन्हाळ्यात ते चाऱ्याच्या मागे फिरतात. त्या वेळी लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल तंबूत राहतात. हिवाळ्यात पक्क्या घरात परततात.

हिवाळा तिथे फार कडक. पारा शून्याच्या खाली तीस-चाळीस अंशांपर्यंत उतरतो. नदी गोठून तिच्यावरून घोडे चालतात. अशा थंडीत साध्या कापडाने भागत नाही. टोपीला आणि अंगरख्याला केसाळ कातडे लावावे लागते. सर्वांत ऊबदार कातडे खोकडाचे. खोकड म्हणजे कोल्ह्याच्या जातीचे, पण त्याहून लहान, झुबकेदार शेपटीचे जनावर. ते चपळ असते, लबाड असते, आणि मोकळ्या डोंगरावर माणसाला जवळ येऊ देत नाही. बंदुका नव्हत्या त्या काळी ते धरायचे कसे? तिथल्या लोकांनी आकाशाकडे पाहिले. खोकडाला सहज धरणारा एक पक्षी तिथे होता.

पक्षी कोणता?

तो पक्षी म्हणजे सोनेरी गरुड. कझाक लोक त्याला बुर्कित म्हणतात, आणि तो बाळगून शिकार करणाऱ्याला बुर्कितशी म्हणतात. आपल्याकडे हा गरुड हिमालयात आढळतो. अंगाचा रंग गर्द तपकिरी. डोक्याच्या मागची व मानेवरची पिसे उन्हात सोन्यासारखी दिसतात, म्हणून सोनेरी म्हणायचे.

पंख पसरले म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटर भरतात. म्हणजे उंच माणूस आडवा निजला तरी पंखांची लांबी जास्त. नजर माणसाच्या नजरेपेक्षा दोन-तीन पट तीक्ष्ण. पायाचे मागचे नख सुमारे दोन इंच लांब. हा पक्षी चोचीने मारत नाही, पंजाने मारतो. चोच फक्त मांस तोडायला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. सोनेरी गरुडाची मोठी मादी सहा किलोपर्यंत भरते, तर नर तीन-चार किलोचा. म्हणून कझाक शिकारी मादीच बाळगतात. यापुढे आम्हीही 'ती' असेच म्हणू.

धरायची कधी?

पक्षी दोन रीतींनी मिळवतात. पहिली रीत अशी. उंच कड्यावर दोराने उतरायचे आणि घरट्यातून पिल्लू काढायचे. दुसरी रीत जाळ्याची. वर्ष-दोन वर्षांची तरणी मादी आमिष ठेवून जाळ्यात धरायची.

दोन्हींत फरक आहे. घरट्यातून आणलेले पिल्लू माणसाला आईबाप समजते. ते लवकर माणसाळते, पण लाडावते. खायला द्या म्हणून दिवसभर ओरडते. शिकार कशी करावी हे त्याने आईकडून पाहिलेले नसते. ते सारे माणसाला शिकवावे लागते, आणि माणसाला तर उडता येत नाही! जाळ्यात धरलेली मादी रानटी असते, चिडते, चोच आणि पंजा मारते. पण शिकार ती आईकडून शिकून आलेली असते. तिला फक्त एवढेच शिकवायचे, की माणसाच्या मुठीवर बसण्यात धोका नाही. जुने शिकारी जाळ्यातल्या मादीला जास्त मान देतात, ते यासाठी.

सामान काय लागते?

सामान थोडे असते, आणि पुष्कळसे घरीच करतात.

पहिली वस्तू टोपी. ही चामड्याची असते. ती डोक्यावर चढवली म्हणजे डोळे झाकतात, चोच मात्र उघडी राहते. गरुडाला जे काही घडते ते डोळ्यांतून. माणूस दिसला की ती बिचकते, कुत्रा दिसला की झेपावते. डोळ्यांपुढे अंधार झाला की ती शांत बसते. टोपी ही शिक्षा नव्हे. अनोळखी जागी मन स्थिर राहावे म्हणून ती घालायची.

दुसरी वस्तू हातमोजा. जाड चामड्याचा, कोपरापर्यंत येणारा. तो नसला तर नखे हाताच्या आरपार जातील.

तिसरी वस्तू पायातले पट्टे. दोन्ही पायांत मऊ चामड्याचे पट्टे अडकवतात. मुठीवर बसली की त्यांची टोके शिकारी बोटांत धरतो.

चौथी वस्तू बसायची बैठक. लाकडाच्या गाठीची, तीन पायांची.

पाचवी वस्तू आपल्या लोकांना विशेष आवडेल. पाच-सहा किलोचा पक्षी हातावर घेऊन दिवसभर घोड्यावर बसायचे म्हणजे खांदा निखळायची वेळ. म्हणून खोगिराला टेकवून एक लाकडी बेळके उभे करतात. वर दोन फाटे. त्या फाट्यांत शिकारी आपले मनगट टेकवतो. भार हातावरून खोगिरावर जातो. युक्ती साधी, पण तिच्यावाचून हे काम झालेच नसते.

पहिले दिवस

नवी मादी घरी आली की खरा कस लागतो. कोणाचा? पक्ष्याचा नव्हे, माणसाचा.

पहिले काही दिवस तिला सोबत सोडायची नाही. घरात तिला हलत्या बैठकीवर बसवतात. दोराला बांधलेली काठी हालत राहते, म्हणून तिला झोप लागत नाही. सारखा तोल सांभाळावा लागतो. माणूसही जागतो. तिच्याशी बोलतो, हलक्या आवाजात गातो. दोन-तीन रात्रींनी ती दमते, आणि झुंजायची तिची इच्छा ओसरते. यात कठोरपणा आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोकळा पक्षी बंदिवान करायचा म्हणजे कोणाला तरी त्रास व्हायचाच.

पण या साऱ्यात एक गोष्ट कोणीही करत नाही. तिला कोणी मारत नाही.

का मारत नाही? दयेमुळे म्हणाल, तर तेवढ्याने नाही. मारून उपयोगच होत नाही म्हणून. बैलाला चाबूक बसला की तो पुढे चालतो. कुत्र्याला दटावले की तो शेपूट घालतो. ही जनावरे मुळात कळपाने राहणारी. कळपात कोणी वरचढ असतो, कोणी खालचा. वरच्याचा राग कसा झेलायचा हे त्यांना जन्मतः कळते. गरुड मात्र कळपात राहत नाही. त्याला धनी ठाऊक नाही, चाकर ठाऊक नाही. त्याला तुम्ही मारलेत तर 'माझी चूक झाली' असे त्याच्या मनात येत नाही. 'हा माणूस धोक्याचा आहे' एवढेच तो शिकतो, आणि ते पुढे विसरत नाही. एक फटका दिला की महिन्याची मेहनत पाण्यात गेली म्हणून समजा.

आम्ही आयुष्यभर शाळेत मुले शिकवली. ही गोष्ट वाचली तेव्हा मनात आले, की मास्तर होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला एक महिना गरुड शिकवायला द्यावा. छडीवाचून कसे शिकवायचे ते त्याला कळेल. गरुडाजवळ दुसरा इलाज चालतच नाही.

मग शिकवायचे कशाने? मांसाच्या तुकड्याने. तिला खायला मिळेल ते फक्त मुठीवर. जमिनीवर टाकलेले नाही, दुसऱ्याच्या हातचे नाही. पहिल्या दिवशी ती तोंड फिरवते. दुसऱ्या दिवशीही फिरवते. भूक लागली की केव्हा तरी मान वाकवून एक तुकडा उचलते. ज्या क्षणी तिने मान वाकवली, त्या क्षणी तिने माणसावर पहिल्यांदा विश्वास टाकला. खाताना मान वाकवायची म्हणजे डोळे शत्रूवरून काढायचे. रानातला पक्षी ते सहजासहजी करत नाही.

भुकेचा हिशेब

आता या विद्येतली सर्वांत अवघड गोष्ट सांगतो.

पोट भरलेला गरुड परत येत नाही. त्याला यायचे कारणच नसते. तो उंच खडकावर जाऊन बसेल आणि दिवसभर पिसे साफ करील. पण उपाशी ठेवलेला गरुडही उपयोगाचा नाही. अंगात ताकद नसेल तर खोकड धरणार कसे? आणि तिथल्या थंडीत अशक्त पक्षी एका रात्रीत मरतो.

म्हणजे पक्षी बरोबर मधल्या स्थितीत ठेवायचा. अंगात जोर भरपूर, आणि भूकही चांगली. हा हिशेब रोज करावा लागतो. इतर देशांत पक्षी रोज काट्यावर तोलतात. जुने कझाक शिकारी बोटांनी तोलतात. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना हात लावून पाहतात. हाड धारदार लागले तर पक्षी वाळला. हाड बोटांना लागलेच नाही तर पक्षी मातला.

मातलेल्या पक्ष्याला एकदम उपाशी ठेवत नाहीत. मांस पाण्यात भिजवून, धुऊन, त्यातले रक्त काढून टाकतात. असे मांस पांढरे पडते. त्याने पोट भरते, पण अंगी लागत नाही. त्याला ते पांढरा चारा म्हणतात. शिकारीच्या आधी पांढरा चारा, आणि ताकद भरून काढायची तेव्हा रक्ताचा लाल चारा. आपल्या घरी नाही का, आजाऱ्याला पेज वेगळी आणि नांगरट करणाऱ्याला भाकरी वेगळी!

शिकारी आणखी दोन गोष्टी रोज पाहतो. एक म्हणजे विष्ठा. ती पांढरी आणि मध्ये काळसर असली तर प्रकृती ठीक. रंग हिरवट झाला तर काही बिघडले. दुसरी गोष्ट म्हणजे गोळी. शिकारी पक्षी मांसाबरोबर केस-पिसेही गिळतो. ती पचत नाहीत. त्यांची गोळी होऊन ती तोंडावाटे बाहेर पडते. गोळी पडली की पोट साफ झाले, आणि आता तिला खायला द्यायला हरकत नाही. पक्ष्याला आपले दुखणे सांगता येत नाही. उलट रानटी पक्षी आजारपण होईल तेवढे लपवतो, कारण रानात दुबळ्याला कोणी सोडत नाही. म्हणून ही रोजची पाहणी चुकवून चालत नाही.

बोलावणे

मुठीवर खाऊ लागली की पुढचा धडा. शिकारी तिला बैठकीवर ठेवतो आणि एक हात अंतरावर उभा राहतो. मूठ पुढे करतो, मुठीत मांस, आणि तोंडाने एक ठरावीक हाक. रोज तीच हाक. ती उडी मारून मुठीवर येते, खाते. उद्या दोन हात अंतर. परवा चार हात. पायाला लांब दोरी बांधलेली असते. पन्नास पावले झाली, शंभर झाली. हाक दिली की ती येते, अशी खात्री झाली म्हणजे एक दिवस ती दोरी सोडायची.

त्या दिवशी शिकाऱ्याच्या छातीत धडधडते म्हणतात. धडधडणारच! महिन्याची झोप त्या दोरीला बांधलेली असते.

मग खोकडाचे कातडे दोरीला बांधून एक स्वार ते घोड्यामागे पळवत नेतो. दुसरा माणूस टेकडीवरून गरुड सोडतो. तिने झेप घालून कातडे धरले की लगेच मांस. खोकड दिसले की झेपावायचे, आणि झेपावले की खायला मिळते, ही गाठ तिच्या मनात पक्की बसते.

शिकारीचा दिवस

शिकार हिवाळ्यात करतात. त्याला कारणे दोन. बर्फावर जनावराचे पाऊल स्पष्ट उमटते, आणि त्या वेळी खोकडाची लव दाट असते.

ही एकट्याची शिकार नव्हे. गरुडवाला घोड्यावरून डोंगराच्या माथ्यावर जाऊन थांबतो. साथीदार खालच्या घळीतून आरडाओरडा करत, दगड लोटत येतात. खोकड बिळातून किंवा झुडपातून उठते. तेवढ्यात माथ्यावर टोपी निघते. गरुडाची मान फिरते, नजर ठरते. शिकारी हात उंच करतो आणि पट्टे सोडतो.

ती उतारावरून खाली येते. शेवटच्या क्षणी पाय पुढे करते. एका पंजाने पाठ, आणि खोकड चावायला वळले की दुसऱ्या पंजाने तोंड आवळते. घोडा उधळत शिकारी खाली पोचतो. कधी खोकड निसटते. कधी ते गरुडाला चावतेही. पुष्कळ दिवस तर हात हलवत परत यावे लागते. लांडग्यावरही गरुड सोडल्याच्या गोष्टी सांगतात. पण ते क्वचित, आणि पक्ष्याच्या जिवावरचे.

आता नीट लक्ष द्या. शिकार पंजात आहे. गरुडाच्या मनाने ती तिची आहे. तिने धरली, तिने लढून मिळवली. माणसाला तर ते कातडे फाटू न देता हवे आहे. आता काय करायचे? ओढून घ्यायचे?

ओढून घेतले तर त्या दिवशी कातडे मिळेल. पण उद्या ती खोकड धरील आणि माणूस दिसताच ते घेऊन दूर जाईल. म्हणून शिकारी शांतपणे जवळ बसतो. खोकड मेलेले नसले तर ते लवकर मारतो. मग मुठीत चांगला लाल मांसाचा तुकडा धरून तिच्यापुढे करतो. ती पंजा सैल करते आणि मुठीवर येते. तिला तिचा वाटा मिळाला. माणसाला त्याचा मिळाला.

आमच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. गरुड परत येतो तो भीतीने नव्हे. मायेने येतो म्हणावे तर तसेही ठामपणे सांगता येत नाही. तो येतो, कारण या माणसाकडे गेले की आपला वाटा मिळतो, असा त्याचा रोजचा अनुभव आहे. आजवर एकदाही त्यात खोट आलेली नाही, म्हणून तो येतो. ज्या दिवशी शिकारी वाटा बुडवील, त्या दिवसापासून आकाश मोकळे आहे. हा सौदा दोघांनी पाळायचा. पण त्यातला बोलून दाखवता येणारा माणूस एकच, म्हणून जबाबदारीही त्याचीच.

घरातला पाहुणा

हिवाळा संपला की शिकार बंद. उन्हाळ्यात गरुडाची जुनी पिसे झडून नवी येतात. त्या दिवसांत तिला काम नाही, आणि चारा मात्र भरपूर. पिसे फुटत असताना पक्षी उपाशी राहिला तर नवीन पिसावर कमकुवत रेघ उमटते, आणि तिथेच ते पुढे मोडते. एका उन्हाळ्याची हयगय पुढच्या हिवाळ्यात दिसते.

हे काम पूर्वीपासून बहुतेक पुरुषांचे. बापाने मुलाला शिकवायचे, अशी रीत. परंतु ऐशोलपान नावाच्या तेरा वर्षांच्या एका मुलीने २०१४ साली उल्गी गावच्या गरुडांच्या जत्रेत भाग घेतला. तिला वडिलांनीच शिकवले होते. तिने आपले पिल्लू स्वतः कड्यावरून उतरवले होते. त्या जत्रेतली स्पर्धा तिने जिंकली. जुन्या जाणत्यांपैकी काहींनी नाके मुरडली होती. पण गरुडाला कुठे ठाऊक, की मुठीच्या मागे मुलगा आहे की मुलगी! त्याला हाक ओळखीची हवी आणि मूठ स्थिर हवी. तिच्यावर २०१६ साली चित्रपटही निघाला.

या विद्येची जगाने दखल घेतली आहे. २०१० साली युनेस्को या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने शिकारी पक्षी पाळण्याची कला माणुसकीचा वारसा म्हणून यादीत घेतली. त्या वेळी मंगोलियासह ११ देशांनी मिळून अर्ज केला होता. २०२१ साली या देशांची संख्या २४ झाली.

निरोप

या रीतीतली आम्हांला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट शेवटची आहे.

गरुड तीस वर्षांपर्यंत जगू शकतो. पण कझाक शिकारी तिला मरेपर्यंत ठेवत नाही. पाच, सात, फार तर दहा हिवाळे झाले की तो तिला सोडून देतो. एवढ्या अवधीत ती अंडी घालण्याजोगी झालेली असते. तिला रानात जोडीदार मिळावा, पिल्ले व्हावीत, म्हणजे डोंगरावर गरुड टिकून राहतील, असा जुन्या लोकांचा विचार.

वसंत ऋतूत तो तिला घोड्यावरून घरापासून फार दूर नेतो. तिथे एक मेंढी कापतो आणि ती तिच्यापुढे ठेवतो. पायांतले पट्टे कापून टाकतो. ती खाऊ लागली की तो मागे न पाहता निघतो. ही मेंढी म्हणजे तिचा शेवटचा वाटा. कधी कधी ती त्याच्या मागोमाग घरीही येते, असे शिकारी सांगतात. मग तिला पुन्हा आणखी दूर न्यावे लागते.

विचार करा. ज्या पक्ष्यासाठी रात्री जागवल्या, ज्याचे हाड रोज बोटांनी चाचपले, तो पक्षी ऐन कामाचा झाला असताना सोडून द्यायचा. जवळ ठेवला तर कोणी विचारणारे नाही. तरी सोडायचा. घेतलेले परत करायचे, हा त्या सौद्यातला शेवटचा भाग आहे.

आपल्याकडे काय?

हे वाचून कोणी म्हणेल, ही कला आपल्याकडे नव्हती का? होती. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकात कल्याणी येथे राज्य करत होता. ते गाव आज कर्नाटकात बसवकल्याण नावाने आहे. त्याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात शिकारी पक्ष्यांच्या खेळावर प्रकरण आहे. मोगल बादशहांच्या पदरी आणि पुढे संस्थानिकांच्या पदरी बाजदार असत. त्यांच्या भाषेत नर-मादीला नावेही निरनिराळी. मादी बाज, तर तिचा नर जुर्रा. मादी शिक्रा, तर तिचा नर चिपका. लोकांच्या तोंडी राहिली ती मादीचीच नावे, कारण कामाची तीच.

आज मात्र भारतात ही शिकार बंद आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. रानातला शिक्रा, ससाणा, घार, गरुड किंवा घुबड धरणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. त्याला तुरुंगवास आणि दंड अशी शिक्षा आहे. कोणाला ही सक्ती वाटेल. पण गरुडाची मादी वर्षाला एक-दोनच अंडी घालते, आणि त्यांतले पुष्कळदा एकच पिल्लू जगते. कझाक शिकारी एक पक्षी घेत आणि काही वर्षांनी परत करत. बाजारासाठी धरणारा काहीच परत करत नाही. मग घरटी लवकरच रिकामी होतात.

तेव्हा वाचकहो, वाऱ्यापावसात शिक्र्याचे किंवा घुबडाचे पिल्लू झाडाखाली पडलेले दिसले, तर ते घरी आणू नका. हौसेने दूधभात भरवू नका, तो त्याचा आहार नव्हे. पुष्कळदा त्याचे आईबाप जवळच असतात. कुत्र्यामांजरापासून वाचेल अशा उंच जागी ते ठेवावे आणि दुरून पाहावे. पंख मोडलेला असेल तर खोक्यात घालून, झाकून, अंधारात ठेवावे आणि वनरक्षकाला निरोप द्यावा. अंधारात पक्षी शांत राहतो, हे टोपीवरून आपल्याला कळलेच आहे.

आणि एक. घुबड, शिक्रा, कापशी घार हे पक्षी आपल्या शेतावर रोज उंदीर-सरडे टिपत असतात. त्यांना हाक मारावी लागत नाही, हातमोजा लागत नाही. त्यांचा वाटा त्यांनी परभारे घेतलेला असतो. उंदरांना विष घातले, की मेलेला उंदीर खाऊन तेही मरतात. म्हणून विष घालण्याआधी बांधावरचे जुने झाड एकदा पाहावे. त्याच्या ढोलीत कोणी राहत असेल.

विचार करा आणि बोला

१. गरुडाला मारून का शिकवता येत नाही?
२. पांढरा चारा आणि लाल चारा यांत फरक काय?
३. शिकार ओढून घेतली तर काय होईल?
४. तुमच्या शेतावर कोणकोणते शिकारी पक्षी येतात? त्यांची तुमच्याकडची नावे पाटीवर लिहा.